शिव्यांवर मिटलेली लढाई

माझं लग्न मोडायला आलं होतं ते एका बांधापायी. मानपान नाही, पत्रिका नाही, दगडमातीचा कमरेएवढा बांध! हसू नका, तेव्हा माझ्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं.

आमचं गाव ओढ्याच्या अल्याड, औंध संस्थानात. माझं ठरलेलं सासर पल्याड, कडेगावच्या बाजूला, इंग्रजांच्या खालशात, म्हणजे थेट त्यांच्या मुलखात. मधला ओढा इतका अरुंद की तिकडं मिरचीची फोडणी पडली की इकडं शिंका सुरू. दर उन्हाळ्यात आमची माणसं वरच्या अंगाला बांध घालून पाणी आपल्या पाटात वळवायची आणि आपली भिजवण उरकली की बांध फोडून पल्याडच्यांना सोडायची. मोठी लढाई संपून पोरं पलटणीतून घरी यायला लागली, त्या साली ओढ्याला पाणीच कमी. आमच्या लोकांनी बांध फोडलाच नाही. पल्याडचा ऊस पिवळा पडायला लागला आणि एका सकाळी बघतो तर बांध वाहून गेलेला. पहारीचे घाव दगडांवर दिसत होते.

मग काय! आमच्यांनी बांध पुन्हा घातला आणि दोन्ही गावांत कुऱ्हाडींना धार लागली. तक्रार करायची तरी कुठं? संस्थानचा फौजदार ओढ्यापलीकडं चालत नव्हता आणि इंग्रजांचा अलीकडं. फौजेतून आलेली पोरं दोन्हीकडं होती. परमुलखात एका ताटात जेवलेली ही पोरं आता एकमेकांवर कुठून चाल करायची याच्या रेघा मातीत ओढत बसली. अक्कल म्हणून नाही मेल्यांना! आणि वडिलांनी घरात सांगून टाकलं, "एक जरी डोकं फुटलं तरी सोयरीक संपली. आपलं रगात सांडणाऱ्याच्या दारात लेक देनार न्हाई."

मला तो मुलगा आवडला होता हो. आता या वयात सांगायला कसली लाज? बघायला आला तेव्हा खाकी सदरा घालून ताठ बसला होता, आणि चहा इतका फुंकत होता की मला हसू आवरेना. तोही हसला. एवढ्यावर मी मनानं कधीच पल्याड जाऊन बसले होते.

आमच्या घरात एक आत्या होती, वडिलांची थोरली बहीण. जीभ म्हणजे अडकित्ता. चावडीवर मास्तर मोठ्यानं पेपर वाचत होते, की जगातले देश एकत्र बसून लढाई कायमची बंद करायचं ठरवणार आहेत. आत्या बाहेरूनच कडाडली, "ते बसतील तवा बसतील! आमच्या ओढ्याचं आज काय? नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी बायका करत्यात तसं करा की."

ती आमच्याकडची जुनी रीत. त्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना पोटभर शिव्या घालायच्या. हलगी वाजायची. दगड उचलायचा नाही, ओढा ओलांडायचा नाही, आणि ज्या काठावरची बाई आधी हसली तो काठ हरला. एरवी ही निव्वळ गंमत. आत्याचं म्हणणं, या खेपेला पाणी लावा पैजेला. जिंकेल त्याची पहिली पाळी, आणि गड्यांनी हत्यारं घरी ठेवून गप बसायचं.

गडी कुरकुरले, पण गंमत बघा, दोन्ही गावं कबूल झाली! आपल्या बायकांच्या तोंडापुढं कोण टिकणार, याची खात्री दोन्हीकडच्या नवऱ्यांना होती. अनुभवच तसा होता त्यांचा.

ठरल्या दिवशी हलगी कडाडली आणि जे तोंडाचे पट्टे सुटले म्हणता! तुमच्या ताकात पाणी, तुमच्या म्हशीला तुमच्यापरीस अक्कल, काही विचारू नका. दोन्हीकडच्या बायका ओठ दाबून, पोटं धरून उभ्या. पण पल्याड पुढं उभी होती माझी होणारी सासू. थोरला मुलगा लढाईत पडल्यापासून तिच्या तोंडावरची रेघ हलली नव्हती. तिच्यापुढं आमच्या एकेक जणी गार झाल्या. आत्याचा घसा बसला, आणि तिनं मला पुढं ढकललं.

"बोल गं!"

"आवं आत्या, सासू हाय माझी!"

"आजून झाली न्हाई. बोल! न्हाईतर कुऱ्हाडी बोलत्याल."

मी डोळे मिटले आणि ओरडले, "तुमची पोरं फौजेत का पळाली, ठावं हाय का? तुमच्या भाकरीच्या भ्यानं! जर्मनाचा गोळा मऊ लागला त्यास्नी तुमच्या भाकरीपरीस!"

तोंडातून गेलं आणि मग आठवलं. गोळा लागूनच तिचा थोरला गेला होता. हलगी थांबली. पल्याड माझा तो खाली मान घालून बसलेला. संपलं, म्हटलं. लग्नही संपलं आणि आता डोकीही फुटणार.

आणि ती हसली. आधी नाकातून फुसकन, मग पदर तोंडाला लावून, मग गदगदून. डोळ्यांतून धारा आणि हसणं थांबेना. "थोरला बी ह्येच म्हनायचा," ती म्हणाली. "जेवाय बसला की म्हनायचा, आई, ही भाकरी सरकारला दे, दारूगोळा वाचंल."

तिचा दीर उसळला. "आवं वैनी, हसलासा! पानी घालवलंसा!"

"घालवलं तर घालवलं! एक पोरगा मी समिंदरापल्याड घालवला. त्येची माती बी दिसली न्हाई मला. ह्यो एक घरला आलाय. त्येला गुडघाभर पान्यासाठी घालवू व्हय? कुनाची कुऱ्हाड लय तहानली आसंल त्येनं म्होरं यावं, आदी माज्याशी बोलावं!"

कोणी पुढं आलं नाही. ओढा ओलांडायचा नाही हा नियम मोडून ती लुगडं वर खोचून सरळ पाण्यात उतरली, अल्याड आली आणि वडिलांना म्हणाली, "पानी ठेवा तुमच्याजवळ. ही पोरगी तेवढी मला द्या. घरात हसू येऊन लय दिस झालं."

वडिलांनी बांधाजवळ पडलेली पहार उचलली आणि नव्यानं घातलेल्या बांधाचा पहिला दगड स्वतःच उचकटला. आमची माणसं ओरडली, आवं, पहिली पाळी आपली हाय!

"व्हय, हाय की," वडील मान वर न करता म्हणाले. "पन लगीन हाय त्येंच्या दारात. पाहुनं जेवाय बसल्यावर पानी कुठनं आनतील?"