घाटात हीटर

माझ्या साडभावाने मला फसवले. त्याने मला जी पिकअप विकली, तिच्या रेडिएटरमध्ये हळद होती आणि गरमीचा काटा खोटा होता. हे त्याला ठाऊक होते, मला नव्हते. तो आता या जगात नाही, म्हणून ही गोष्ट खोटी ठरत नाही.

माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा तो नवरा. तिला मी ताई म्हणतो. ते दोघे घाटाखाली, मोताळ्याच्या बाजूला राहायचे. मी घाटावर, धाड गावात. माझा भाजीचा व्यापार. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, मग सायकल, मग दुसऱ्याच्या गाडीत भाड्याने माल. स्वतःची गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा साडभाऊ म्हणाला, बाहेर कशाला जाता, माझीच घ्या.

मी सौद्याला बसलो की समोरच्याला घाम फुटतो, असे बाजारात म्हणतात. नात्यातली गाडी म्हणून मी काही सोडले नाही. टायरच्या नक्षीत नखे घालून पाहिली, खाली झोपून चासी ठोकली, हौद्याचा पत्रा वाजवला. एसी लावून जाळीसमोर हात धरला. बर्फासारखी हवा आली. लगेच मी तोच एसी भाव पाडायला वापरला.

"कोथिंबीर काय माह्या मांडीवर बसून जाते का? मले एसीचे पैसे देनं नाही."

"राहू द्या मंग," साडभाऊ हसला. "एसी काढून ठेवतो. पोरीच्या लग्नात देतो."

रेडिएटरचे झाकण तेवढे उघडले नाही. तो नुकताच मलकापूरहून आला होता, बोनेट तापलेले होते. "हात पोळंल, भाऊ," म्हणाला. तापलेल्या गाडीचे ते झाकण कोणी उघडत नाही, आणि ती तापवूनच तो मला दाखवत होता. शेवटी त्याने रुमाल काढला. त्यांच्या घरी नात्यात तोंडाने भाव बोलत नाहीत. बैलबाजारासारखा रुमालाखाली बोटांवर सौदा होतो. मी त्याची बोटे दाबली, त्याने माझी. फार लवकर तो कबूल झाला. मला वाटले, मी जिंकलो.

पहिल्याच उन्हाळ्यात एसी नखरे करू लागला. सपाटीवर थंड, घाट चढायला लागलो की गरम. राजूरचा घाट संपून बुलडाणा आले, गाडी जरा विसावली की पुन्हा थंड. मी एसीवाल्याकडे गेलो. त्याने मीटर लावले, गॅस बरोबर निघाला. पुढची जाळी धुतली, पंखा फिरवून पाहिला. म्हणाला, एसीत काही नाही, इंजिनवाल्याला दाखवा. इंजिनवाल्याने डॅशबोर्डाकडे पाहिले. काटा बरोबर अर्ध्यावर. म्हणाला, इंजिन तर थंड आहे, एसीवाल्याला दाखवा.

"तुमी दोघं मिळून मले येड्यात काढून राह्यले का बे?" मी भर रस्त्यात ओरडलो. दोघांच्याही दुकानात मी आजवर पुन्हा चहा घेतलेला नाही.

मग साडभावाला फोन लावला. "साडभाऊ, घाटात एसी गरम काऊन फेकते?"

"घाटात एसी कायले लावता? काच खाली घ्या ना, हवा फुकट हाये. तुमाले तं फुकटचं आवडते."

तो हसला, मीही हसलो. तो टोमणा मारत नव्हता, खरी गोष्ट सांगून मोकळा होत होता, हे मला आता कळते.

मागच्या मे महिन्यात मलकापूरला मिरची उतरवून परत येताना त्यांच्याकडे जेवायला थांबलो. हात धुताना साडभाऊ ओट्यावरच बसला. छातीत कळ, अंगाला दरदरून घाम. अॅम्ब्युलन्सला यायला वेळ होता, आणि माझी गाडी दारात उभी. त्याला खिडकीशी बसवले, ताई मध्ये गिअरला पाय चुकवून बसली. मी एसी पूर्ण सोडला आणि गाडी बुलडाण्याकडे काढली.

घाट लागला. काटा अर्ध्यावर. मी ॲक्सिलरेटर दाबून धरला होता.

"एसी बंद करा," साडभाऊ म्हणाला.

"असू द्या, बरं वाटंल."

"हीटर," तो म्हणाला. "हीटर लावा."

मला वाटले, तो शुद्धीत नाही. बाहेर वणव्यासारखे ऊन, माणूस घामाने निथळतो आहे, आणि हीटर? तेवढ्यात ताईचा हात पुढे आला. कोणाला न विचारता तिने एसीचे बटण बंद केले, थंड-गरमची खुंटी निळ्यावरून तांबड्यावर फिरवली, पंखा शेवटच्या घरावर नेला. तिला गाडी चालवता येत नाही. पण हात एकदाही चाचपडला नाही.

तोंडावर भट्टीसारखी हवा आली, आणि माझे डोके फिरले. "ताई, मानूस घामानं भिजून राह्यला अन तुमी हीटर लावता? येड लागलं का?" मी खुंटी परत निळ्यावर आणली, एसी लावला. ताईचा हात जरा वेळ तसाच हवेत राहिला. मग तो तिने पदराखाली घेतला. साडभावाने माझ्याकडे पाहिले आणि डोळे मिटले.

दोन-तीन वळणे गेली. एसी गरम मारू लागला. मग गाडीचा दम गेला, बोनेटमधून वाफ उसळली, आणि चढावरच इंजिन बसले. काटा तेव्हाही अर्ध्यावर होता. मागून येणाऱ्या एसटीतल्या लोकांनी साडभावाला उचलून आत घेतले. ताई चढली, मी चढलो. बुलडाणा यायच्या आधीच तो गेला.

गाडी ओढून गॅरेजला नेली. तिसऱ्याच मिस्त्रीने, इंजिन थंड झाल्यावर, माझ्यासमोर झाकण उघडले. आत पिवळा चिखल. आमच्याकडे रेडिएटर ठिबकला की त्यात हळद टाकतात. ती फुगते, भोक बुजते, माणूस गावापर्यंत पोचतो. नंतर रेडिएटर काढून धुवायचा असतो. इथे ठिबकले की हळद, पुन्हा ठिबकले की पुन्हा हळद, असे होऊन बारीक नळ्या बुजून गेल्या होत्या. काट्याच्या वायरीत एक छोटा तुकडा जोडलेला होता. त्यामुळे चावी फिरवली की काटा थेट अर्ध्यावर येऊन थांबायचा, थंडीतल्या सकाळीसुद्धा. मी ते रोज पाहत होतो.

"एसीची तार येगळी," मिस्त्री म्हणाला. "इंजिन लई तापलं की गाडी आधी एसी बंद करते. एसीच खरं सांगून राह्यला होता."

मी विचारले, हीटर लावला असता तर? तो म्हणाला, हीटर इंजिनची गरमी केबिनमध्ये ओढतो, तेवढे इंजिन निवते. गाडी घाट चढलीही असती, नसतीही.

एवढेच. यापुढे कोणी काही सांगू शकत नाही.

साडभाऊ गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या अंगणात माणसे बसली होती. बुद्धवंदना झाली. मग एकेक जण उठून साडभावाबद्दल चांगले बोलला. त्याचा चुलतभाऊ म्हणाला, "गाडीनं दगा देला. टायरच्या भावासाठी जो मानूस तासभर भांडते, तो गाडीवर काय खर्च करत असंल?" माना माझ्याकडे वळल्या. मी उठणार होतो, बायकोने माझा शर्ट मागून धरला. ताई फोटोजवळ बसली होती. तिने मान वर केली नाही. तेव्हापासून त्या गावात मी साडभावाला मारणारा कंजूस आहे.

गाडीला नवा रेडिएटर बसवला, हीटरची नळी बदलली, काट्याची वायर सरळ केली. तरी घाट लागला की जाळीतून हळदीचा वास येतो. मिस्त्री म्हणतो, शक्यच नाही. बायकोला येत नाही. मी मात्र पहिल्या वळणालाच खुंटी तांबड्यावर फिरवतो आणि भर उन्हात घाम गाळत चढतो. शेजारची सीट रिकामी असते. मधल्या जागेवर मी काही ठेवत नाही. कधी कधी डोळ्याच्या कडेला एक हात पुढे आल्यासारखा वाटतो, आणि मी ओरडायच्या आधीच तो मागे जातो.

साडभावाला मी आता काही विचारू शकत नाही. पण ताई, तुम्ही आहात. ती हळद तुमच्याच डब्यातली होती. वर्षाचा कार्यक्रम जवळ आला आहे, तीच माणसे त्याच अंगणात बसतील, आणि मी पुढे येऊन बसणार आहे. माझे पैसे नकोत मला. त्यांच्यासमोर उभ्या राहा आणि सांगा: खुंटी तांबड्यावर फिरवायची, हे तुम्हाला कोणी शिकवले होते? आणि मी ओरडलो तेव्हा, गाडी तापते, एवढे दोन शब्द तुम्ही का बोलला नाहीत?