सुलोचनाबाईंचा शनिवारचा तास

सुलोचना पोतनीस आम्हाला नववीत गृहशास्त्र शिकवायच्या. मध्य प्रदेश होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. नव्या अभ्यासक्रमात हा विषय आला आणि आमच्या मुलींच्या मराठी शाळेत तो घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पुस्तकात शिवण, मुरंबे आणि घराची टापटीप एवढंच होतं. बाई आठवडाभर ते शिकवत. शनिवारच्या शेवटच्या तासाला मात्र पुस्तकं दप्तरात जायची.

त्या तासाला बाई खुर्ची फिरवून आमच्यासमोर बसत आणि म्हणत, "मी डॉक्टर. बोला, काय होतंय?"

जिला उभं केलं असेल ती खाली बघायची.

"फरशीला काही होत नाहीये. तुला काय होतंय ते सांग. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं."

आम्ही हसायचो, लाजायचो. पण हळूहळू बोलायला लागलो. महिन्याचे कपडे अंधाऱ्या कोपऱ्यात न वाळवता उन्हात का वाळवायचे, हे आम्हाला आईने नाही, बाईंनी सांगितलं. पोस्टात आपल्या नावाचं खातं कसं उघडतात, न वाचता सही का करायची नाही, गल्लीत कुणी वाट अडवली तर मान खाली न घालता काय बोलायचं, हेही त्यांनीच शिकवलं. बोलायचा सराव त्या मोठ्याने करून घेत. पलीकडच्या वर्गातल्या बाई दार लोटून घेत.

असं शिकवण्यामागचं कारण त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, पण सगळ्या शाळेला ते माहीत होतं. त्यांची धाकटी बहीण मंजिरी पहिल्या बाळंतपणात गेली. अंगात ताप होता, अंगावरून वाईट जात होतं, आणि सासरी कुणापाशी बोलायचं कसं म्हणून ती गप्प राहिली. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर सुलोचनाबाईंनी लग्नाचा विषय घरात काढू दिला नाही. कृष्णपुऱ्यात आईबरोबर राहायच्या आणि पायी शाळेत यायच्या.

माझ्या शेजारी कमल वाघमोडे बसायची. तिचे पणजोबा होळकरांच्या पागेत घोडेस्वार होते. वडील, जयसिंगराव, आबकारी कचेरीत हेडक्लार्क होते. घराणं मोठं, मिजास त्याहून मोठी. कमल बोलायला धीट होती. बाई डॉक्टर झाल्या की सगळ्यांत आधी तीच उठायची.

बाईंनी एका शनिवारी क्षयाची लक्षणं आणि छातीचा एक्स-रे समजावून सांगितला, त्याच थंडीत कमलला बघायला देवासहून पाहुणे आले. मुलगा संताजी, देखणा, पण गाल बसलेले. रुमालात खोकत होता. प्रवासाची धूळ लागली, असं त्याचे काका दोनदा म्हणाले. बोलणं झाल्यावर काकांनी रिवाज म्हणून विचारलं, "मुलीला काही विचारायचंय का?"

अशा वेळी मुलीने मान हलवून नाही म्हणायचं असतं. कमलने विचारलं, "यांच्या छातीचा एक्स-रे काढलाय का?"

संताजीने तिच्याकडे पाहिलं आणि रुमाल मुठीत दाबला. काका उठले. बशांमधली बर्फी आणि शेव तशीच राहिली.

सोमवारी जयसिंगराव शाळेत आले. मुख्याध्यापिका सरोजिनीबाईंच्या खोलीत त्यांनी कमललाही बोलावून घेतलं, म्हणून पुढचं मला तिच्याकडून कळलं.

"काय शिकवून राहिल्या तुम्ही पोरींना?" ते सुलोचनाबाईंना म्हणाले. "खानदानी माणसं घरी येतात आणि माझी मुलगी त्यांना बीमारी विचारते. बिरादरीत तोंड दाखवायची सोय नाही राहिली."

"खोकला तिने पाहिला, जयसिंगराव. तिने बरोबरच विचारलं."

"बरोबर? तुमचं मतलब काय, अशीच प्रत्येक पोरगी जबाब मागणार?"

सरोजिनीबाई मधे पडल्या. "सुलोचना, तू हे विचारायला सांगितलं होतंस का? एवढंच सांग."

शाळा अनुदानावर चालत होती. शाळेच्या समितीत जयसिंगरावांचे साडू होते. सुलोचनाबाईंच्या एकटीच्या पगारावर त्यांचं घर होतं. त्या म्हणाल्या, "मी रोग शिकवला. तिथे विचार, असं नव्हतं सांगितलं."

कमल भिंतीशी उभी होती. ती मला म्हणाली, "खोटं नव्हतं गं ते. पण मी एकदम एकटी पडले."

शनिवारच्या तासाला विणकाम आलं. बाईंनी ते निमूटपणे शिकवलं. पण त्याच आठवड्यात त्या मल्हारगंजला जयसिंगरावांच्या घरी गेल्या. तुकोगंजात एका दवाखान्यात एक्स-रे निघतो, मुलाला एकदा नेऊन आणा, मग खुशाल लग्न करा, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

"तुम्हाला मुलगी नाही," जयसिंगराव म्हणाले. "हात जोडणं सोपं आहे."

जयसिंगरावांनी देवासला जाऊन माफी मागितली. त्या लोकांनी लगेच लग्न मान्य केलं. हुंडा नको म्हणाले, मानपान नको म्हणाले, मुहूर्त मात्र जवळचा धरा म्हणाले. एवढी घाई का, असं कमलच्या आईच्या मनात आलं असावं.

लग्नाआधी कमल मला घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी चहा केला. कमलने तो घेतला नाही.

"बाई, आता मी काय करू? हे तुम्ही शिकवलं नव्हतं."

बाई वर्गातल्यासारखं बोलायला लागल्या. निजायच्या खोलीची खिडकी उघडी ठेव. त्यांचा पेला वेगळा ठेव. रुमाल उकळत्या पाण्यात टाक.

"नवी नवरी मी. वेगळा पेला का, असं सासूबाईंनी विचारलं तर काय सांगू?"

बाईंनी कमलच्या डोक्यावर हात ठेवला. कमल तशीच उठली.

संताजी वाईट माणूस नव्हता. उलट फार मवाळ होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याने स्वतःच तिला सांगितलं, "तू विचारलंस तेव्हा मी सांगणारच होतो. काका शेजारी बसले होते." आपल्याला क्षय आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं. तो आपला पेला आपणच वेगळा ठेवायचा आणि स्वतः धुवायचा. आईला कळू नये म्हणून हसून काहीतरी बहाणा सांगायचा. इंजेक्शनं मधेच बंद केली होती, कारण रोज दवाखान्यात गेलं तर गावात समजलं असतं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तो गेला. शेवटी कमलही खोकत होती. देवासच्या लोकांनी तिला टांग्यात बसवून स्टेशनवर आणलं आणि जयसिंगरावांच्या हवाली केलं.

तिला शहराबाहेर, राऊकडच्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. सुलोचनाबाई रविवारी बसने जायच्या, कधी मलाही नेत. वॉर्डात लांबलचक व्हरांडा होता, बायका खाटांवर उन्हात पडलेल्या असत. कमल सुकून गेली होती. ती बाईंशी नीट बोलायची, पण पूर्वीसारखं थट्टेने नाही.

एकदा आम्ही पोचलो तेव्हा जयसिंगराव फाटकाजवळ बाकावर बसले होते. टोपी मांडीवर होती. आम्हाला पाहून उठले.

"बाई, त्या दिवशी तुम्ही घरी आला होतात..." ते म्हणाले. "भांडी किती वेळ उकळायची असतात? घरी आणल्यावर मीच बघणार आहे. तिच्या आईला झेपत नाही."

बाई त्यांना बसवून शेजारी बसल्या आणि सगळं सांगायला लागल्या. ते शाळकरी मुलासारखे मान हलवत होते. मधेच त्यांनी टोपी चेहऱ्यावर धरली. बाई थांबल्या नाहीत. सांगत राहिल्या.

कमल बरी झाली. इंजेक्शनं, गोळ्या, वर्ष-दीड वर्ष अंथरूण. एक फुप्फुस कायमचं निकामी झालं, पण जिवावरचं टळलं. बाईंनी तिला मॅट्रिकला बसवायचं ठरवलं, पुस्तकं नेऊन दिली. तिने ती उघडली नाहीत. "आता कशाला, बाई?" एवढंच म्हणाली. जयसिंगराव होते तोवर ती मागच्या खोलीत राहिली. ते गेल्यावर भावजय मुलांना तिच्याकडे जाऊ देईना. एक दिवस कमल स्वतःच सॅनेटोरियमला परत गेली आणि आयाची नोकरी मागून घेतली. तिथे तिच्या हातचं पाणी सगळे पीत होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी शिक्षण खात्याचे एक साहेब शाळेत आले. मुलींना आरोग्य आणि व्यवहाराचं शिक्षण द्यायचं आहे, अनुभवी शिक्षिका हवी, असं म्हणाले. सरोजिनीबाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. सगळ्यांनी सुलोचनाबाईंचं नाव सुचवलं. मी तेव्हा त्याच शाळेत शिकवत होते. बाई त्या साहेबांना शांतपणे म्हणाल्या, "मुलींना विचारायला शिकवणं मला जमत होतं. विचारल्यावर त्यांच्यामागे कोण उभं राहणार, ते तुमच्या अभ्यासक्रमात आहे का?"

साहेब म्हणाले, "ते हळूहळू होईल, बाईजी."

"मग तेव्हाच या," बाई म्हणाल्या आणि विणकामाच्या वर्गावर गेल्या. ते काम दुसऱ्या एका तरुण शिक्षिकेला मिळालं. तिने ते पुस्तकातून शिकवलं.

निवृत्तीनंतर बाई सुदामा नगरला भाच्याकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. पहाटे गेल्या, झोपेत. आम्ही जुन्या मुली जमलो होतो. कमल पांढऱ्या सुती साडीत आली, केस पिकलेले, चालताना दम लागत होता. तिने बाईंच्या पायावर डोकं ठेवलं नाही. उशाशी बसून त्यांच्या कपाळावर आलेले केस मागे सारले. बाईंना नेल्यावर मी तिला जेवायला घरी चल म्हटलं.

"नको गं," ती म्हणाली. "दुपारची ड्यूटी आहे. बदली कुणी मिळत नाही."

आणि ती बससाठी निघून गेली.