खालचे आठ बिट

अकोल्याला एक चाचा आहेत, जुन्या कॅसेटींवरचे आवाज संगणकात उतरवून देतात. मी अमरावतीत बसून ऑडिओचं सॉफ्टवेअर लिहितो. माझा नवा प्लेअर मीच त्यांच्याकडे मोठ्या ऐटीत बसवून दिला होता. महिनाभरात फोन आला.

"तुमचा प्लेअर खोटं बोलून राहिला, भाऊ. येऊन पाहा."

मला रागच आला. उभं आयुष्य कोडेक, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा कोड, लिहिण्यात घातलेल्या माणसाला हे शिकवणार! तरी एसटी पकडून गेलो.

दुकानात एकच फाइल उघडी होती. वारलेल्या पत्नीचा आवाज असलेल्या त्यांच्या एकुलत्या एका कॅसेटची. बुरशी लागलेली फीत एकदाच वाजली आणि तिच्यावरचा आवाज धरणारा थरच झडून गेला. आता उरली होती ती एवढी फाइल. बुरशीमुळे मध्येच फटाके फुटणार हे ओळखून चाचांनी रेकॉर्डिंगची पातळी अगदी खाली ठेवली होती, आणि बारीक आवाज हातचा जाऊ नये म्हणून नेहमीच्या सोळाऐवजी मुद्दाम चोवीस बिटांचं बारीक माप निवडलं होतं. पण आवाज वाढवला की नुसती खरखर, शब्द एक कळेना.

"फीतच खराब होती, चाचा."

"फितीची खरखर मले मालूम हाय. ते सारखी चालते. हे तिच्या बोलण्याच्या मांगंमांगं चालून राहिली. ते बोलाची थांबली का हे बी थांबते. हे मशीनची हाय."

मी लॅपटॉप उघडला. प्रत्येक नमुना, म्हणजे आवाजाचं क्षणाक्षणाला घेतलेलं माप, चोवीस बिटांचा आहे, असं फाइल स्पष्ट सांगत होती. माझ्या कोडमध्ये मात्र त्या जागी मी सोळाच लिहून ठेवले होते, कारण आमच्याकडे येणाऱ्या फाइली सोळाच्याच असत. म्हणजे दर नमुन्याचे खालचे आठ बिट मी न बघता फेकत होतो, आणि त्या बाईंचा जवळजवळ सगळा आवाज त्या आठांतच होता. आमच्या एकाही चाचणीत न सापडलेली चूक या माणसानं नुसत्या कानानं धरली होती. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त त्या कानांचं कौतुक.

फाइल सांगेल तोच आकडा घ्यायचा, एवढी दुरुस्ती केली. चाचांनी स्पीकर सुरू केला. लांबून, बहुधा स्वयंपाकघरातून, एक बाई स्वच्छ म्हणाली, "सुनते क्या? चाय ठंडी हो रही."

"हाँ, आया," म्हणत चाचा खुर्चीतून उठले, आणि तसेच उभे राहिले.