शेपूट तोडलं तरी न भागणारी संख्या

आपल्या मुलाशी कुणी लग्न करेल का, ही सरोजिनीबाईंची काळजी जुनीच. रविवारपासून मात्र त्या काळजीला एक संख्या चिकटली होती. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

श्रीरंग वाळूजच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. पगार बरा, स्वभाव गरीब, व्यसन एकच: अविभाज्य संख्या. रविवारी हर्सूलला चारुताला बघायला गेले, तेव्हा रीतीप्रमाणे दोघांना व्हरांड्यात बोलायला बसवलं. सरोजिनीबाईंचा एक कान तिकडेच होता.

"७३९३९१३३," श्रीरंग सांगत होता. "एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानंच भाग जात नाही. आता शेवटचा तीन काढून टाका. उरलेलीही अविभाज्य. पुन्हा शेवटचा काढा. तरीही तेच."

असं एकेक अंक सोलत तो सातावर आला, तोवर चहावर साय धरली होती. "आणि या जातीची याहून मोठी संख्याच नाही," तो अभिमानानं म्हणाला, जणू घरातलंच कुणी कलेक्टर झालं होतं. मुलगी चहावरची साय बाजूला सारत होती.

नकार येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. तो यायच्या आत आपणच दिलेला बरा, म्हणून सोमवारी सरोजिनीबाईंनी चारुताच्या आईला फोन केला. "पत्रिका जुळत नाही हो." या वाक्यानं कुणाचाच अपमान होत नाही.

"पत्रिका उघडलीस कधी?" त्यांच्या यजमानांनी, वैजनाथरावांनी विचारलं.

"नकारच द्यायचा तर उघडायची कशाला?"

गुरुवारी जेवताना श्रीरंग भाजीत बोट फिरवत म्हणाला, "आई, माझी पत्रिका कुणाला दाखवलीस?"

वैजनाथराव कोशिंबिरीत गढून गेले.

"चारुताचा मेसेज आलाय. लिहिते, पत्रिकेचं कळलं. पण रविवारपासून एक डोक्यातून जात नाही. अंक काढायच्याऐवजी शेवटी एक जोडला तर? सम अंक, शून्य, पाच बाद. एक किंवा सात जोडला तर तीनानं भाग जातो, हे तिनं काढलंय. तीन आणि नवाचं जमत नाही, तुम्ही बघा म्हणते." त्यानं पोळीचा तुकडा मोडला. "त्या दोन्हींनाही भाग जातो, एवढं मला माहीत आहे. कशानं, ते सोबत बसून शोधता आलं असतं."

एवढं लांब वाक्य तो माणसाबद्दल पहिल्यांदाच बोलला होता.

जेवणं झाल्यावर सरोजिनीबाई फोन हातात घेऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. "गुण मोजताना चूक झाली म्हणू का? छत्तीसातले एकतीस जुळतात म्हणते."

"एकतीस अविभाज्य आहे," आतून श्रीरंगचा आवाज आला.

"राहू दे ते. पत्रिका उघडलीच नव्हती, हेच सांगते. पण काय म्हणतील हो ते?"

"या घरात एक विचित्र माणूस आहे हे त्यांना ठाऊकच आहे," वैजनाथराव म्हणाले. "दोन आहेत हे कळेल."

सरोजिनीबाईंनी नंबर लावला.