अध्यक्षांनी पिऊन टाकलेली सोयरीक

माझा एक जुना मित्र त्याच्या तालुक्यातल्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष आहे, आणि मोहाच्या दारूविषयी त्याच्याइतकं बारकाईनं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. कुठल्या पाड्यावरची कडक, कुठली गोडसर, कुठली प्यायल्यावर डोकं धरतं, सगळं त्याला पाठ. छापे घालता घालता हे ज्ञान मिळवलं असं तो सांगतो. माल जप्त केल्यावर चाखून पाहावा लागतो म्हणे.

आम्ही दोघं नंदुरबारला एका वर्गात होतो. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि फुकट गेलेली पत्रकं घरी आणायचे. माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्यांचीच वेष्टणं असायची. संपाची पत्रकं, कुळांच्या हक्काची, दारूबंदीची. इतर पोरं परीकथा वाचायची त्या वयात मी ‘बंधूंनो, जागे व्हा’ वाचत होतो, आणि ते सगळं मला खरं वाटायचं. अजूनही वाटतं. हा मित्र तेव्हा माझ्याबरोबर खळीचा डबा घेऊन भिंतीभिंतीवर पत्रकं चिकटवायचा. बोलायला तर माझ्यापेक्षा सरस. चौकात पेटीवर उभा राहिला की हमालसुद्धा ओझं खाली ठेवून ऐकायचे.

पुढे मी पुण्याला जाऊन एका साप्ताहिकात लिहू लागलो, तो तापीकाठच्या आपल्या गावी परतला. गुजर शेतकऱ्याचं मोठं घर, केळी, कापूस, ऊस. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, माझं लग्नही नुकतंच झालं होतं, आणि त्याचा निरोपामागून निरोप येत होता की वहिनीला घेऊन ये. माझी बायको पुण्यातल्या एका शाळेत शिकवते. परीक्षा संपल्या आणि आम्ही निघालो.

तो नंदुरबार स्टेशनावर जीप घेऊन आला होता. खादीचे कपडे इतके कडक इस्त्रीचे की बसताना आवाज व्हायचा. त्याच्या दिवाणखान्यात एक चरखा होता, त्याच्या चाकात कागदी फुलं खोवलेली. माझ्या बायकोनं सहज विचारलं, “यावर सूत कोण काढतं?” तो हसला. “वहिनी, तो पाहुण्यांसाठी आहे.” त्याची बायको पदर डोक्यावर घेऊन आमरस वाढत होती. त्या दोन दिवसांत ‘घ्या ना भाऊ’ आणि ‘अजून थोडा’ एवढंच तिच्या तोंडून ऐकलं असेल. तीही एक शोभेची वस्तू असावी असा माझा समज झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मित्र एक सचित्र मासिक घेऊन आला. त्यात फ्रान्समधल्या द्राक्षांच्या मळ्यांवर लेख होता. तिकडे नवराबायको सुट्टीत मळ्यामळ्यांतून हिंडतात, प्रत्येक ठिकाणी घोट घोट चाखतात, मळ्याचा मालक त्यांना पिंपं दाखवतो.

“आपल्याकडे द्राक्षं नाहीत,” मित्र म्हणाला, “पण सातपुड्यात मोह काय कमी आहे? चला, तुम्हाला आपला फ्रान्स दाखवतो.”

“तू अध्यक्ष आहेस ना रे?” मी विचारलं.

“आज रविवार आहे भो.”

मी आधी विनोद समजलो. बायकोला डोंगर पाहायचे होते, झाडांखाली पडलेली मोहाची फुलं पाहायची होती. मीही निघालो. मागच्या बाजूला बायका, पुढे आम्ही, आणि चालवायला एक ड्रायव्हर. म्हसावद मागे पडलं, रस्ता संपला, गाडीवाट लागली. मित्र वाटेवरचे पाडे असे दाखवत होता की जणू त्याच्या मालकीची दुकानं. “इथली जरा जळकट लागते. ही माणसं आच सांभाळत नाहीत. पुढच्या पाड्यावर चल, तिथली बाई धार अशी काढते की अहाहा.” आणि लगेच त्याच दमात, “मागच्या महिन्यात तिथली सगळी मडकी फोडली आम्ही.”

“फोडलीत आणि आता प्यायला जातोयस?”

“तत्त्वाची गोष्ट वेगळी, पाहुणचाराची वेगळी. तू अजून पत्रकातच राहतोस यार!”

माझी बायको माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात मित्राची बाजू नव्हती, पण मला ते बोचलंच.

पाड्यावर पोचलो तर लोक दारं लोटून घेत होते. जीप त्यांच्या ओळखीची होती. ज्या घरासमोर थांबलो त्याचा मालक हात जोडून बाहेर आला. उंच, वाळलेला, पंचा नवाकोरा. अंगण सारवलेलं होतं, दाराला आंब्याची पानं लावली होती. मित्रानं खाटेवर बैठक मारली आणि म्हणाला, “पाहुणा शेतस पुण्याना. काढ.”

“साहेब, काहीच नही घरमा.”

“नही म्हणू नको. वास येऊ ऱ्हायना.”

घरात दारू होती. एकच लहानसा घडा, गळ्याला हळदीचा दोरा बांधलेला. मालकानं अडखळत अहिराणीत सांगितलं ते असं: आज त्याच्या मुलीची सोयरीक होती. मुलाकडचे दुपारपर्यंत डोंगरापलीकडून यायचे होते आणि हा घडा त्यांच्यासाठी होता. त्यांच्यात सोयरीक ठरते ती अशीच. दोन्हीकडची जाणती माणसं मुलीच्या घरची दारू पळसाच्या द्रोणातून पितात, आणि ज्याच्या तोंडात ती जाते तो त्या सोयरिकीला जामीन होतो. उद्या मुलीला कोणी मारलं, टाकलं, उपाशी ठेवलं, तर त्या जामिनानं जाऊन जाब विचारायचा. कागद नाही, सही नाही. पिणं हीच सही.

मला वाटलं आता हा उठेल. मित्र म्हणाला, “एक द्रोण. चाखाले.”

मी म्हणालो, “हा घडा सोड.” तो म्हणाला, “एका द्रोणानं काय होतं?” मी तिथे बसलो नाही. दारूसमोर बसायचं नाही हे माझं ठरलेलं. बायकोला घेऊन मी ओढ्यापलीकडच्या मोहाच्या झाडांकडे गेलो. मित्राची बायको मात्र खाटेच्या कडेला बसून राहिली. नवरा उठल्याशिवाय तिला उठायची पद्धत नव्हती.

झाडांखाली फुलं कमी राहिली होती, पण तो गोड, जड वास हवेत होता. बायको म्हणाली, “तुमचा मित्र चांगला वक्ता होता ना?” मी हो म्हणालो. “मग बरोबर,” ती म्हणाली. तिनं फुलं ओच्यात गोळा केली आणि आम्ही परतलो.

परत आलो तेव्हा अंगणात माणसं उभी होती. मुलाकडचे आले होते, नवे फेटे, काठ्या, एकाच्या हातात ढोल. घडा खाटेखाली आडवा पडला होता, रिकामा. मित्राचं तोंड तांबडं झालेलं, तो रुमालानं ते पुन्हा पुन्हा पुसत होता. मुलगी दारात उभी होती, गळ्यात चांदी, केसांना तेल, आणि तिची आई तिला आत ओढत होती. ती आत जात नव्हती. तिचे डोळे घड्यावर होते.

मुलाकडचा म्हातारा कारभारी घड्याजवळ बसला. त्यानं तो सुलटा केला, आत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “ही कोनी पिधी?”

मुलीच्या बापानं मित्राकडे पाहिलं, पण नाव घेतलं नाही. घेणार कसा? मागच्या महिन्यात त्याच माणसानं त्याची मडकी फोडली होती.

कारभाऱ्यानं पुन्हा विचारलं. मग त्यानं सगळ्यांना समजेल असं सांगितलं की घडा सांडला असता तर काही बिघडलं नसतं, जमिनीनं घेतली असं धरलं असतं. पिणारा समोर येऊन मी प्यायलो म्हणाला, तर तो जामीन झाला, मग तो कुठलाही असो, सोयरीक पक्की. पण कोणी पिऊन नाकबूल जात असेल तर या मुलीची सोयरीक खोट्या जामिनासमोर झाली, आणि ते तिला घेऊन जाणार नाहीत. त्यांच्यात अशा मुलीला पुन्हा कोणी मागायला येत नाही.

म्हणजे अध्यक्षांनी तीन शब्द बोलायचे होते. मी पिधी ही.

मित्र उभा राहिला. सभेत राहायचा तसाच, एक हात छातीवर. “मी दारूबंदी कमिटीना अध्यक्ष शे. मी दारूले हात बी लावत नही.”

माशा घड्याच्या तोंडावर बसत होत्या.

मी त्याचा दंड धरला. “सांग की प्यायलास. ती पोर बघ.”

“हळू बोल,” तो कानाशी म्हणाला. तोंडाला मोहाचा भपका. “सगळा तालुका हसेल. आणि तू काय, उद्या पुण्यात छापशील.”

“अरे, तिचं लग्न मोडतंय!”

“या लोकांची लग्नं रोज मोडतात आणि रोज होतात.”

इतक्या वर्षांत त्याची किती भाषणं ऐकली, पण त्याच्या मनातलं मला एवढ्या एका वाक्यात कळलं. मी कारभाऱ्याकडे वळलो आणि म्हणालो, “यानंच प्यायली.” म्हाताऱ्यानं विचारलं, “तू देखं का?” मी पाहिलं नव्हतं. मी झाडांखाली माझं तत्त्व सांभाळत होतो. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि काठी उचलली. ढोलवाल्यानं ढोल खांद्यावर घेतला. दारातून एक आवाज आला, रडण्याचाही नव्हता, नुसता श्वास आत ओढल्याचा.

तेव्हा खाटेच्या कडेवरून मित्राची बायको उठली. पदर डोक्यावरून घसरला, तो तिनं सावरला नाही.

“बाबा, थांब,” ती कारभाऱ्याला म्हणाली. “यास्नी पिधी. सगळी. मी मन्हा डोयानी देखं.”

“काय बोली ऱ्हायनी तू?” मित्र ओरडला. “गाडीमा बस!”

“बसू ना. आधी तुम्ही बोला.”

“घर चल, मंग दखाडस तुले!”

“दखाडा. पन पोर कोनी शे ती? आपली पोर ऱ्हाती तर?”

त्यांना मूलबाळ नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यालाही ते लागलं असावं, त्यानं तोंड फिरवलं. ती कारभाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. “या बोलोत का ना बोलोत, जामीन मी. पोरले काही व्हयनं तर मन्हा दारशी या. घर तुम्हले माहीत शे. जीप देखेल शे.”

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्यात बाईमाणूस जामीन होतं की नाही मला ठाऊक नाही. त्यालाही चटकन ठरवता आलं नसावं. शेवटी त्यानं मित्राला विचारलं, “तुन्ही बायको खोटं बोलस का?”

या प्रश्नाला अध्यक्षांकडे भाषण नव्हतं. हो म्हणावं तर सगळ्या पाड्यासमोर बायको खोटारडी, आणि नाही म्हणावं तर आपण दारुडे. तो रुमालाशी चाळा करत राहिला आणि जमिनीकडे बघून म्हणाला, “नही बोलत.”

एवढं पुरलं. म्हाताऱ्यानं घडा उपडा केला, तळाचे चार थेंब मातीत पडू दिले, आणि मुलाकडची माणसं बसली. मुलीची आई भाकरीची टोपली घेऊन बाहेर आली. मुलगी आत गेली, यावेळी स्वतःहून.

आम्हाला कोणी जेवायला थांबा म्हणालं नाही, आणि ते योग्यच होतं.

जीपमध्ये मित्र पुढे बसला, मी मागे बायकांत. मग तो मागे न वळता म्हणाला, “यातलं काही छापायचं नाही हं. मैत्रीची शपथ आहे.”

मी उत्तर द्यायच्या आत त्याची बायको बोलली, आणि मराठीत, शाळेतल्यासारखी जपून. “छापा भाऊ. पण आत्ता नको. त्या पोरीचं लग्न होऊ द्या, एक लेकरू होऊ द्या. आणि नाव कोणाचंच घालू नका, पाड्याचंही नाही. नाहीतर पोलीस यांना सोडतील आणि त्यांना धरतील.”

माझ्या बायकोनं ओच्यातली फुलं तिच्या हातात दिली. ती त्यांचं काय करणार होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. स्टेशनावर फक्त ड्रायव्हर आला. घरी गेल्यावर तिला काय दाखवण्यात आलं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्या बायकोनं विचारलं होतं. तिला उत्तर मिळालं, आणि ते तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही.

लग्न पुढल्या होळीच्या आधी झालं. जामीन म्हणून मित्राला जावंच लागलं. तो समितीच्या दोन सभासदांसह गेला आणि तिथे त्यानं व्यसनमुक्तीवर भाषण केलं. ऐकणारी माणसं हातात द्रोण घेऊन होती, पण भाषण संपेपर्यंत कोणी ओठांना लावला नाही म्हणे. अध्यक्ष अजून अध्यक्षच आहेत. मुलगी सासरी बरी आहे, तिला मुलगा झाला. तो निरोप पोचला आणि मी हे लिहायला बसलो.