छताचा नेफा

गाडीचं छत मी शिवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची कितीतरी वर्षं आमच्या घरात कुणी ते सांगितलं नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. घोडेगावजवळच्या आमच्या घरी यांनी आणि दिरांनी मिळून एक जुनी मोटार आणली. इंजिन ठणठणीत, पण आतल्या छताचं अस्तर सुटून लोंबत होतं. मढला माझ्या भावाचं लग्न ठरलं होतं, आणि या मोटारीतून माहेरच्या दारात उतरायचं, एवढं एकच मी मनात धरलं होतं. दोघा भावांनी गाडी अंगणात उभी केली, पंक्चरचं सोल्युशन थापून नवं कापड चिकटवलं आणि गावभर मिरवलं. उन्हात गाडी तापली आणि अख्खं कापड आत बसलेल्या सासऱ्यांच्या फेट्यावर येऊन पडलं.

मग मी आत डोकावले. जुन्या अस्तराला वरच्या बाजूनं पट्ट्या शिवलेल्या होत्या आणि त्यांतून आडव्या सळया ओवलेल्या. परकराचा नेफाच की हा! नाडीच्या जागी सळई, एवढाच फरक.

"चिकटवायचं न्हाई ते, नेफे शिवायचेत," मी म्हटलं.

"तुला गाडीतलं काय कळतंय?" हे म्हणाले.

कळत नव्हतं, तर जुनं अस्तर उसवून त्याच मापानं नवं कुणी बेतलं? मशीनवर दुहेरी टीप कुणी मारली? सीटवर उताणं पडून, मान मोडेस्तोवर कडा कुणी ताणल्या? या दोघांनी काय केलं, तर सळया धरल्या.

छत झकास बसलं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायचे, "आमी दोघांनी घरीच बसवलं, राव." मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी असायची. नुसता संताप व्हायचा.

लग्नाच्या सकाळी मागं सासू-सासरे आणि यांचे मामा बसले, पुढं गाडी चालवायला दीर आणि शेजारी हे.

"वहिनी, तुमी बायकांसंगं टेम्पोत या," दीर म्हणाले.

माझ्या भावाचं लग्न, आणि मी टेम्पोत! जुन्नर मागं पडलं तरी मी धुमसत होते.

टेम्पो मढला पोचला, तेव्हा माझी आई मोटारीच्या उघड्या दारातून आत वाकून वर बघत होती. हे तिलाही तेच ऐकवत होते. आईनं कोपऱ्यातल्या शिवणीवरून बोट फिरवलं. टोकाला टीप मागं वळवून दडवायची सवय तिचीच. मशीन मला तिनंच शिकवलेलं.

"पावणं," आई म्हणाली, "ही टीप आमच्या लेकीची हाय. ती कुठाय?"

मी तेव्हा धुळीनं माखून टेम्पोतून खाली उतरत होते. यांनी टेम्पोकडं बोट केलं.

परतताना कुणाला न विचारता मी मोटारीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. हे टेम्पोतून आले.