रस्त्याकडचं दार

लढाई संपल्यावर नगरला नवं कॉलेज काढायचं ठरलं, तेव्हा मी एका शाळेच्या कचेरीत कारकून होतो. शाळेत मला गणित शिकवलेल्या मास्तरांना कॉलेजचे ग्रंथपाल नेमलं आणि त्यांनी मला हाताखाली मागून घेतलं. मास्तर मधली दोन वर्षं बडोद्याला राहून ग्रंथालयाचं काम शिकून आले होते. परत आल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच विषय होता. ग्रंथालयाची इमारत त्यांच्याच मनासारखी बांधायला कॉलेज चालवणाऱ्या मंडळानं मान्यता दिली, हे त्यांना शेवटपर्यंत खरं वाटत नव्हतं.

नकाशा त्यांनी स्वतः काढला. वाचनाच्या दालनाला उत्तरेकडून उंच खिडक्या, म्हणजे दिवसभर उजेड राहील पण पुस्तकांवर ऊन येणार नाही. कपाटांना दारं नाहीत, जाळ्या नाहीत. वाचणाऱ्यानं आपल्या हातानं पुस्तक काढायचं, चाळायचं, नको असेल तर टेबलावर ठेवायचं. आणि एक दार कॉलेजच्या आवारात, तर दुसरं थेट रस्त्यावर. ते कशाला, असं मी विचारलं होतं. बाजाराच्या दिवशी खेड्यातून माणसं येतात, त्यांना कॉलेजचं फाटक ओलांडायचा धीर होणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

सिमेंटला तेव्हा परवाना लागायचा. काम रखडत रखडत चाललं. पारनेरकडचा एक गवंडी होता, त्यानं रस्त्याकडच्या दाराची कमान काळ्या दगडात एकट्यानं बसवली. त्याला अक्षरओळख नव्हती. एकदा त्यानं मास्तरांना विचारलं, "हितं आमी येऊन बसलं तर कुनी उठवील का?"

"तुम्हाला कोण उठवणार? दार तुम्हीच बांधताय," मास्तर म्हणाले.

ग्रंथालय उघडलं. पहिले चार-सहा महिने मला आजही लख्ख आठवतात. मुलं मांडण्यांपुढं उभ्या उभ्या वाचत. बाजाराच्या दिवशी दोन-चार शेतकरी पायताणं बाहेर काढून आत यायचे, वर्तमानपत्र एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. दालनात बोलू नये असा नियम होता. मास्तर त्या टेबलापुरतं दुर्लक्ष करत.

मग पुस्तकं सापडेनाशी झाली. फार नव्हती, पण त्यात इंग्रजी, महागडी, मोठ्या चित्रांची पुस्तकं होती. मंडळाच्या चिटणीसांनी सभा बोलावली. रस्त्याचं दार उघडं, कपाटं उघडी, मग चोरी होणारच, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. दार बुजवावं, कपाटांना जाळ्या लावाव्यात आणि पुस्तक खिडकीतून चिठ्ठीवर द्यावं, असा ठराव पुढं आला. मास्तरांनी विचारलं की खेड्यातला माणूस इंग्रजी चित्रांचं पुस्तक नेऊन करील काय? आधी आपल्याच लोकांच्या घरांतून चौकशी करा, असंही ते म्हणाले. पुस्तकं नेमकी कुणाच्या घरी गेली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. हरवलेल्यांपैकी तीन पुस्तकं मी स्वतः, नोंद न करता, चिटणीसांच्या बंगल्यावर पोचवली होती. त्यांनी तोंडी मागितली, मी दिली, आणि मास्तरांना सांगायचं राहून गेलं.

चिटणीसांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही दिवसभर तिथं बसता. रस्त्याकडून येणाऱ्यांवर तुम्हाला लक्ष ठेवता येतं का?"

माझी नेमणूक अजून कच्ची होती. मी म्हणालो, "नाही ठेवता येत."

खोटं काहीच बोललो नव्हतो. मास्तर माझ्याकडं वळलेसुद्धा नाहीत. ठराव एकमतानं झाला असं इतिवृत्तात लिहायला मला सांगितलं, तेही मी लिहिलं.

दार बुजवायला त्याच गवंड्याला बोलावलं. तो बराच वेळ कमानीखाली बसून राहिला. "म्याच बांधलं, आन् आता म्याच बुजवू व्हय?" असं मला म्हणाला. दोन दिवसांत त्यानं विटांचं काम पुरं केलं. त्याचं काम चाललेलं असतानाच मास्तरांनी राजीनामा दिला. किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवताना कोणती किल्ली कशाची, तेवढं समजावून सांगितलं. महिन्याभरानं त्यांच्या जागेवर माझी नेमणूक पक्की झाली.

पुढच्या उन्हाळ्यात चिटणीसांनी घर बदललं, तेव्हा त्यांच्या गड्यानं एक पोतं आणून टाकलं. हरवलेली सगळी पुस्तकं त्यात होती, मी नेऊन दिलेली तीन धरून. दोन-तीन पुस्तकांच्या कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या. मी ती पुसली, जाळीमागं लावली आणि कुणाला काही बोललो नाही. मग रविवारी सर्व्हिस मोटारीनं पाथर्डीला गेलो. मास्तर तिथल्या शाळेत पुन्हा गणित शिकवत होते.

एका खोलीत ते एकटेच राहत होते. खूप वाळले होते. मी पोत्याचं सांगितलं, बंगल्याचं सांगितलं, सभेत मी का गप्प बसलो तेही सांगितलं. ते मुलांच्या वह्या तपासत होते, हात थांबला नाही.

"दार उघडणार आहेत का आता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हे सगळं तू मंडळाला सांगणार आहेस?"

मी परतीच्या मोटारीच्या वेळेचं काहीतरी बोललो.

"मग मला कशाला सांगायला आलास? तुझं ओझं हलकं करायला? मी नाही ते घेणार."

चहा मात्र त्यांनी केला. मोटारीची वेळ झाली तेव्हा ते उठले नाहीत.

सोमवारी मी खिडकी उघडली. मुलं चिठ्ठ्या घेऊन रांगेत उभी होती. मागितलेलं पुस्तक नेमकं काय आहे हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत नसायचं; आतलं काही दिसतच नव्हतं ना. एकानं विचारलं, तुमच्याकडं आणखी काय काय आहे? यादी भिंतीवर आहे, ती बघ, असं मी त्याला सांगितलं आणि पुढची चिठ्ठी हातात घेतली.